चौथी ओळ कुणाची?

एकट्याने कविता लिहिली तर कविता होते. चौघांनी मिळून लिहिली तर किस्से होतात, आणि ते साठतच जातात! नव्वदीच्या दशकात सुरतजवळ उधन्याला आमचं असंच चाललं होतं. त्यातलं निम्मं मला आजही कळलेलं नाही.

तेव्हा चारोळ्यांचं भारी वेड होतं. आम्ही चौघं: मिलमधले मुकादम आप्पा, रेल्वेतले कांबळे, कापडाच्या घड्या घालणारा मी आणि लूमवरचा सुपडू. पाळ्या वेगवेगळ्या, एकत्र बसणं जमायचं नाही. म्हणून रमणकाकांच्या चहाच्या टपरीवर वही ठेवली. येईल त्याने पुढची एक ओळ लिहायची. आप्पांचा नियम एकच, "खाली नाव टाकायचं नाही. नाव आलं की भांडण आलं!"

*

एकदा तिसरी ओळ गुजरातीत निघाली. 'दूध खलास छे, सांजे वहेलो आवजे.' म्हणजे दूध संपलंय, संध्याकाळी लवकर ये.

कांबळ्यांचे डोळे भरून आले. "काय विरह आहे हो!"

आम्हीही माना डोलावल्या. तेवढ्यात रमणकाका म्हणाले, "अरे साहेब, ए तो में दूधवाळा माटे लख्युं छे!"

दूधवाल्यासाठीचा निरोप असला तरी ओळ चांगली होती, आम्ही ठेवून घेतली. दूधवाल्याने वही कधी वाचलीच नाही.

*

गणपतीत मंडळाने आम्हाला वाचायला बोलावलं. निवेदक म्हणाला, "कवींनी पुढे यावं." आम्ही चौघं उठलो.

"चौघं नको, फक्त कवी!"

मग प्रत्येकाने आपापली ओळ म्हटली. गडबडीत आधी चौथी, मग दुसरी, मग पहिली, शेवटी तिसरी. टाळ्या मात्र अशा पडल्या की सरळ म्हटली असती तर एवढ्या पडल्या असत्या का, हा वाद अजून मिटलेला नाही.

सत्काराची शाल एकच होती. ती आम्ही आठवडा-आठवडा वाटून घेतली.

*

सुपडूची गोष्ट वेगळी. त्याची बायको सुशीला दोन वर्षं खानदेशात माहेरी बसली होती. "सुरतमा मन्हं कोन शे?" म्हणायची. त्यामुळे विषय कुठलाही असो, सुपडूच्या ओळीत सुशीला यायचीच. हजीऱ्याचा समुद्र दिला, तर 'तू आलीस तर दाखवीन.' सूत दिलं, तर 'तुटलं तरी जोडीन, तू ये.'

आप्पा वैतागले. "अरे, बायकोशिवाय एक तरी ओळ लिही!"

सुपडूने दोन दिवस वही हातात धरली आणि एकही ओळ न लिहिता परत ठेवली. मला त्याची फार दया आली.

*

पत्रात काय लिहावं हे सुपडूला सुचेना. त्याने वहीतली ताजी चारोळी जशीच्या तशी उतरवून सुशीलाला पाठवली. ओळी चार माणसांच्या आहेत, हे सांगायचं राहिलंच!

पंधरा दिवसांनी सुशीला पत्र्याची पेटी घेऊन थेट टपरीवर हजर. आम्ही चौघंही नेमके तिथे. सुपडू तर उभाच राहिला.

तिने पदराच्या गाठीतून पत्र काढलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

'रोज दोन ताटं घासतो, जेवतो मात्र एकटा.'

"हाई वाचीसन मी उनू," ती म्हणाली. हे वाचूनच ती आली होती.

आम्ही कौतुकाने सुपडूकडे पाहिलं. आता नुसती मान हलवायची होती, बाकी काही नाही! पण हा भाबडा म्हणाला, "मी नही लिखी. मी वही उघाडी तवय ती लिखेलच व्हती."

"माझी पहिली," आप्पा घाईने म्हणाले.

"माझी दुसरी," कांबळे म्हणाले.

तिसरी माझी होती. आम्ही वही उघडली. चौथ्या ओळीचं अक्षर चौघांपैकी कुणाचंच नव्हतं. रमणकाकांनी कानाला हात लावले. त्यांना मराठी लिहिताच येत नव्हतं.

सुशीलाने पेटी खाली ठेवली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच विचारलं,

"मंग मी आठे कोनासाठे उनू?"