अच्युतरावांच्या पडवीतला पंखा

अफजलपुरात रिक्षावाल्याला 'अच्युतराव' सांगून उपयोग नसे. 'पाऊस मोजणारे' म्हटलं की तो बरोबर त्यांच्या दारात आणून सोडायचा. पाटबंधारे खात्याच्या पर्जन्यमापकावर अच्युतरावांनी एकतीस वर्षं काढली. रोज सकाळी साडेआठला कुंपणाचं फाटक उघडायचं, नळकांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा रेषेला लावायचा आणि आकडा वहीत मांडायचा. पाऊस नसला तरी जायचंच, आणि शून्य लिहायचं. अफजलपूरच्या हवेत एकतीस वर्षांत शून्यंच जास्त झाली. पण तीही त्यांनी कधी घाईत लिहिली नाहीत. प्रत्येक शून्य गोल, टपोरं, बांगडीसारखं.

निवृत्त झाल्यावर माप सुटलं, सवय राहिली. चहा कमी आला की ते कप तिरका करून म्हणत, "आज बाराच मिलिमीटर दिसतोय." त्यांच्या पत्नी नलिनीबाई मराठी शाळेत तिसरीला शिकवून निवृत्त झालेल्या. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणत, "दुष्काळ जाहीर करा मग." एवढ्यावर विषय संपायचा.

दोघांचा दिवस पडवीत जायचा. घरापुढची ही पडवी तीन बाजूंनी उघडी, वर सिमेंटचा स्लॅब, खाली शहाबादी फरशी आणि दोन वेताच्या खुर्च्या. उन्हाळ्यात फरशी अशी तापायची की मांजरही तिच्यावरून पळत जायचं. तेव्हा पंखा लावायचा ठरला आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

पहिला पंखा त्यांनी सोलापूरच्या एका प्रदर्शनातून आणला. चॉकलेटी रंगाची, लाकडासारखी पाती, मधोमध सोनेरी कमळ. दिवाणखान्यात शोभावा असा तो पंखा पडवीत लटकला. मे महिन्यात वादळी पाऊस आला, तोही आडवा. पाती कसल्याशा दाबलेल्या भुशाची होती, ती पोटभर पाणी प्याली. तिसऱ्या दिवशी सकाळी नलिनीबाई बाहेर आल्या तर पाचही पाती केळीच्या पानांसारखी खाली वाकलेली.

"अहो, पंखा मान टाकून बसलाय."

"वाळला की सरळ होईल," अच्युतराव म्हणाले आणि जवळून बघायला स्टुलावर चढले. नलिनीबाईंना वाटलं त्यांनी 'लाव' म्हटलं. त्यांनी बटण दाबलं. पहिल्याच फेरीत एका पात्यानं अच्युतरावांची पांढरी टोपी उचलली आणि भिंतीवरून शेजारच्या मल्लम्माच्या अंगणात नेऊन टाकली. तिथं कुरडया वाळत होत्या. मल्लम्मानं टोपी परत आणून दिली तेव्हा टोपीला दोन कुरडया चिकटलेल्या होत्या. त्या अच्युतरावांनी प्रामाणिकपणे सोडवून परत केल्या.

दुसरा पंखा साधा, पत्र्याच्या पात्यांचा. पाती वाकणार नाहीत, एवढंच त्यांनी या खेपेला पाहिलं. पावसाळा त्यानं काढला, पण दमट हवेनं आत गंज धरला आणि दसऱ्याच्या सुमारास पंख्याला वाचा फुटली. फिरताना तो एक आवाज काढायचा. आधी वाटलं नुसतं कुरकुरतोय. मग एक दिवस नलिनीबाईंनी कान दिला आणि त्या हसत सुटल्या. पंखा चक्क "कामून? कामून? कामून?" असं विचारत होता. आमच्या भागात 'का' विचारायचं तर कामून म्हणतात, आणि पंखा तर इथलाच झालेला.

एके सकाळी मल्लम्मा वाटी घेऊन आली.

"नलिनीअक्का, उलुसं विरजण द्या की."

"कामून?" पंखा म्हणाला.

"दही लावायचंय."

"कामून?"

"घरचं नासलं, अक्का."

"कामून?"

"आता रात्री झाकण ठेवायचं इसरले मी! चुकलं माझं!" मल्लम्मा रडकुंडीला आली. नलिनीबाई तोपर्यंत आत विरजण काढत होत्या. बाहेर आल्या तर मल्लम्मा एकटीच वर बघून माफी मागतेय.

लग्नाचं बोलावणं घेऊन आलेल्या एका पाहुण्यांनी तर "सगळ्यांनी यायलाच पाहिजे" म्हटलं, आणि वरून तीन वेळा कामून ऐकल्यावर पत्रिका खुर्चीवर ठेवून चहा न घेताच निघून गेले.

"आता बाहेर टिकणारा पंखा आणा," नलिनीबाईंनी निक्षून सांगितलं. "घरातली वस्तू बाहेर टांगायची आणि मग रुसायचं, हे पुरे."

अच्युतरावांना हेच हवं होतं. पंखा निवडायचा तर आधी पडवीत किती पाऊस येतो हे कळायला पाहिजे, आणि हे काम जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणाला येत होतं? परतीच्या पावसाचे दिवस होते. त्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या चोवीस वाट्या काढल्या, पडवीत चार रांगांत मांडल्या, प्रत्येकीखाली खडूनं नंबर टाकला आणि वाट बघत बसले. पाऊस चार दिवसांनी आला. ते चार दिवस वाट्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. नेमका त्यात नलिनीबाईंचा भाऊ गिरिधर सोलापूरहून जेवायला आला. त्याला आमटी पेल्यात मिळाली.

"ताई, ही जेवायच्या आधी प्यायची का नंतर?" त्यानं विचारलं.

"आधी दाजींना विचार, किती मिलिमीटर आहे," नलिनीबाई म्हणाल्या.

पाऊस झाला, वाट्या मोजून झाल्या. पश्चिमेकडून सरी चार फूट आत येतात. छताचा हुक साडेपाच फुटांवर, म्हणजे तिथं एरवी नुसते तुषार, पण वादळात थेट मारा. अच्युतरावांनी हे सगळं वहीच्या कागदावर लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद खिशात घालून बसस्टँडसमोरच्या सिद्धप्पाच्या दुकानात गेले.

सिद्धप्पा विजेचं सामान विकायचा. त्याचं निम्मं बोलणं कानडीत, निम्मं मराठीत आणि उरलेलं हातवाऱ्यात चालायचं. अच्युतरावांनी कागद उघडला.

"मोटार चारी बाजूंनी बंद आहे का? पाणी शिरायला फट नको."

"व्हय."

"पाती लाकडाची नकोत, भुशाची नकोत. जाड प्लास्टिकची नाहीतर अल्युमिनियमची. पात्यावर दाबून बघू दे."

"बघा की."

"स्क्रू न गंजणारे? दांडी, हुकावरची वाटी, सगळ्यावर पक्का रंग? खोक्यावर पाणी सोसायचा आकडा छापलेला असतो, तो कुठाय? दोन आकडे असतात, पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. मला दुसरा बघायचाय."

सिद्धप्पानं कपाळावर हात मारला. "रावसाहेब, पंखा घ्यायलात का जावई बघायलात?"

"जावयाला कुणी पावसात टांगत नाही, सिद्धप्पा."

सिद्धप्पानं तीन पंखे काढले. पहिल्याचं खोकं चकचकीत, त्यावर मोराचं चित्र. दुसरा तांबूस, देखणा. तिसरा राखाडी, बसका, दिसायला अगदी सरकारी.

"तिन्ही ऑल वेदर हायत," सिद्धप्पा म्हणाला.

हा शब्द त्यानं उच्चारायला नको होता. अच्युतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एकतीस वर्षं मी वेदर लिहिलंय. ऑल म्हणजे किती, ते मला दाखव."

आता माघार घेणं सिद्धप्पाच्याही स्वभावात नव्हतं. दुकानापुढं लोखंडी अँगल होता, त्यावर तो दिवाळीत माळा सोडायचा. तिन्ही पंखे त्यानं तिथं ओळीनं टांगले, वायरी ओढल्या, बटणं आत कोरड्या फळीवर ठेवली आणि सगळ्यांना हाताच्या अंतराबाहेर उभं केलं. प्रश्न पावसाचा होता. तेवढ्यात अण्णाराव नावाचे ऊसवाले शेतकरी बल्ब घ्यायला आले. त्यांच्या पाठीवर फवारणीचा नवा कोरा पंप.

"अण्णाराव, पंपात औषध हाय का?"

"न्हाई, आत्ताच घेतलाय. कामून?"

"पाणी भरा. पाऊस पाडायचाय."

अण्णारावांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. पाऊस पाडायला मिळतोय म्हटल्यावर कुठला शेतकरी विचारील? स्टँडवर सोलापूरची बस सुटायच्या बेतात होती. तिच्यातले प्रवासी आधी खिडकीतून बघायला लागले, मग खाली उतरले आणि शेवटी कंडक्टरही आला, प्रवाशांना परत न्यायला.

पहिला पंखा सुरू झाला. अण्णारावांनी हँडल मारलं. फवारा मोरछाप पंख्यावर गेला, आणि पंख्यानं तो जसाच्या तसा गर्दीला परत केला. पुढची रांग भिजली. कंडक्टर 'चला' म्हणून शिट्टी फुंकायला गेला तर शिट्टीतून आधी पाणी आलं, मग बारीकसा बुडबुड आवाज. पंखा मात्र दोन मिनिटांत घरघरत थांबला.

"हा फवारा मारायला बरा हाय," अण्णाराव म्हणाले. "शेतात नेऊ का?"

दुसरा, देखणा, फवारा लागताच फुस्स झाला. धूर नाही, ठिणगी नाही. नुसतं फुस्स. एका आजीबाईंनी त्याला हात जोडले.

तिसरा फिरत राहिला. अच्युतराव घड्याळ धरून उभे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. "तिरका मारा, अण्णाराव. पश्चिमेकडून. वळवाचा पाऊस असा सरळ येत नाही." अण्णाराव पश्चिमेला जाऊन उभे राहिले. "आता थोडी उघडीप द्या. हं, आता परत." विसाव्या मिनिटाला अण्णारावांचा खांदा भरून आला आणि पाऊस संपला. राखाडी पंखा तसाच, तोंड वाकडं न करता फिरत होता. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. बस पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. उशिराचं कारण कंडक्टरनं 'स्थानिक पाऊस' असं लिहिलं म्हणतात. खरं-खोटं त्याला माहीत.

पंखा घरी आला, लागला. दांडी थोडी लांब घेतली, म्हणजे वारा खुर्च्यांपर्यंत पोचेल.

"दिसायला अगदी तुमच्या ऑफिसातला वाटतो," नलिनीबाई म्हणाल्या. "आणि मला एक सांगा. पाऊस आला की गार वारा सुटतोच. तेव्हा पंखा लागतो कुणाला?"

अच्युतरावांनी खिशातला कागद काढून परत एकदा वाचला. हा मुद्दा कागदावर नव्हता. "पावसात लावायचा नाही गं," शेवटी ते म्हणाले, "पावसानंतर लागला पाहिजे." नलिनीबाईंनी मान डोलावली. तिसरीच्या मुलाच्या चुकीच्या उत्तरालाही त्या एवढ्याच मायेनं मान डोलवत असत.

पुढच्या वैशाखात एका दुपारी आभाळ काळं झालं, धुळीचा लोट आला आणि नेहमीप्रमाणे पहिल्या ढगाबरोबर लाईट गेली. दोघं आत पळाली, दार लावलं. अच्युतराव खिडकीच्या फटीतून पडवीकडे बघत होते. वारा असा की खुर्च्या सरकत फाटकाला जाऊन टेकल्या. आणि मग ते ओरडले.

"नलिनी! फिरतोय! लाईट नाही आणि फिरतोय!"

नलिनीबाई आल्या, त्यांनी फटीला डोळा लावला आणि नीट बघितलं.

"अहो, उलटा फिरतोय. वाऱ्यानं."

"पण फिरतोय ना!"

"उलटा."

पाऊस थांबला, तासाभरानं लाईट आली, बटण दाबलं आणि पंखा सुलटा फिरायला लागला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. अच्युतरावांना इतका आनंद झाला की ते ओल्या चपलांनीच सिद्धप्पाकडे गेले आणि त्याला लाईट नसताना पंखा फिरल्याचं सांगून आले. चूक एवढीच झाली की उत्साहात त्यांनी निम्मंच सांगितलं.

चार दिवसांनी सिद्धप्पाच्या दुकानावर नवी पाटी लागली. 'लाईट नसतानाही फिरणारा पंखा. अफजलपूरच्या हवामान साहेबांनी तपासलेला.' दुकानात रीघ लागली. भीमेकाठच्या गावांतून लोक आले. हुमनाबादजवळच्या एका ढाब्याच्या मालकानं फोनवरच सात सांगितले.

पाटी बघून अच्युतरावांचा चेहरा उतरला. एकतीस वर्षं ज्यानं मिलिमीटरचा दशांशसुद्धा सोडला नाही, त्याच्या नावावर अर्धवट नोंद! ते तडक आत गेले.

"सिद्धप्पा, ही नोंद चुकीची आहे."

"कामून? लाईट नसताना फिरला, तुम्हीच सांगितलं की."

"वादळात फिरला. तोही उलटा. हे लिहिलं पाहिजे."

"तसं लिहिल्यावर कोण घेईल हो?"

"कुणी घेवो न घेवो. लिही, नाहीतर माझं नाव काढ."

नाव काढणं सिद्धप्पाला परवडणारं नव्हतं. संध्याकाळी पेंटर आला. जागा थोडीच उरली होती, म्हणून त्यानं पहिल्या ओळीखाली लाल रंगात एकच शब्द मोठा करून काढला: 'उलटा'. अच्युतराव समोरच्या कट्ट्यावर बसून अक्षर वाळेपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुबलगुंडी गावचे दोघेजण दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाटी मोठ्यानं वाचत होते. सिद्धप्पा धास्तावून गल्ल्यामागं उभा राहिला.

"मालक," त्यातला एकजण म्हणाला, "आमच्याकडं सुलटे पंखे लई झाले. त्यो उलटा फिरणारा दाखवा की."