नवरी इकडची, नवरा तिकडचा

कमलच्या दारात तुळस होती, शेवंतीच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण होता आणि दोघींचं एकमेकींशी उभं वैर होतं. लालबागच्या केळुसकर चाळीत हे लहान पोरांनाही पाठ होतं. कमल थोरली जाऊ, शेवंती धाकटी. गॅलरीच्या या टोकाला कमलची खोली, त्या टोकाला शेवंतीची, आणि मधे बाकीच्यांची दारं आणि कान.

ही वाटणी त्यांच्या सासूची. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा म्हातारीनं टोपं-पातेली निमूट वाटून दिली, पण देवांपाशी आल्यावर तिला भलतंच शहाणपण सुचलं. तुळस थोरलीला, पितळेचा बाळकृष्ण धाकटीला. म्हणजे वर्षातून एकदा, तुळशीच्या लग्नाला तरी दोघी समोरासमोर येतील. आल्या ना! दर कार्तिकात आल्या, आणि वर्षभर गिळलेलं सगळं त्या एका संध्याकाळी ओकून गेल्या. शेवंती वरमाय म्हणून मिरवत यायची. उसाचं मखर तिला लंगडं दिसायचं, चहा कोमट लागायचा, वरपक्षाला पाट कमी पडायचे. कमल वधूमाय असली म्हणून काही मान खाली घालणारी नव्हे. "नवऱ्याक चिंच लावून घासलंस नाय काय गो? भट्टीतसून काढल्यासारखो दिसता," असं ती सगळ्यांदेखत विचारायची. लोक अक्षता टाकायला कमी आणि हे ऐकायला जास्त जमायचे.

या सगळ्यात कमलचं एकच सुख होतं. तिला मुलगी नव्हती, एकटा निलेश. तुळशीला ती पोरीसारखी वाढवायची आणि दरवर्षी नवऱ्याशेजारी पाटावर बसून तिचं कन्यादान करायची. गणपत, तिचा नवरा, मुखदुर्बळ माणूस. गिरणी बंद पडल्यावर जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. पण त्या संध्याकाळी तो लग्नातला पिवळा शेला अंतरपाट म्हणून काढून द्यायचा आणि मुलीच्या बापासारखा छाती काढून बसायचा.

गणपत यंदा श्रावणात गेला.

दहाव्याला कमलच्या गळ्यातलं काढायचं होतं. ते काम खरं सुंदराबाईचं. समोरच्या खोलीतली ही म्हातारी स्वतः विधवा, म्हणून तिला बसवली होती. तिचे हात थरथरू लागले, गाठ सुटेना. तेव्हा शेवंती पुढं आली. "व्हा बाजूला, मी काढते. किती वेळ लावायचा?" असं म्हणून तिनं मंगळसूत्र हिसडा देऊन डोक्यावरून ओढलं. कमलचे केस अडकले, दोन-चार तुटले. कमल रडली नाही. तिला राग आला होता, इतका की रडायलाही जागा उरली नव्हती. ते काळे मणी तिनं चिंधीत बांधून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवले.

कार्तिक आला. सकाळी गॅलरीच्या कठड्यावर गोधड्या पडू लागल्या, दिवाळीचे विटलेले कंदील अजून लोंबत होते, मार्केटात उसाच्या मोळ्या लागल्या. आणि शेवंतीनं चाळीच्या फळ्यावर खडूनं लिहून टाकलं, पौर्णिमेला तुळशीचं लग्न, दौलत यांच्या दारात, सर्वांनी यावे. दौलत म्हणजे तिचा नवरा, गणपतचा सख्खा भाऊ. कमलनं ते जिन्यात वाचलं आणि हातातली पिशवी तशीच घेऊन शेवंतीचं दार गाठलं.

"माझ्या दारातली तुळस तुझ्या दारात कशी इली?"

"पोरं उचलून आणतील," शेवंती म्हणाली. ती शेंगा निवडत होती, मानही वर केली नाही तिनं. "यंदा कन्यादान आम्ही करणार. ते सवाष्णीच्या हातचं काम, जाऊबाई. शिवाय तुमच्यात वर्षाच्या आत सण करत नाहीत."

"तुमच्यात म्हणजे? तो तुझ्या नवऱ्याचो कोण नव्हतो?"

शेवंतीनं शेंग मोडली. "तुम्ही आतून बघा की. कोण नको म्हणतंय?"

"वरमाय पण तूच आणि वधूमाय पण तूच? मग माका कशाक ठेवलंस जिवंत?"

दौलत आतून टीव्हीचा आवाज वाढवून बसला होता. त्याचा एवढाच पुरुषार्थ.

कमलला वाटलं होतं, चाळ बोलेल. इतकी वर्षं तिच्या दारातला उसाचा रस प्यायलेली माणसं ती. पण एकेकानं नजर चुकवली. कुणी म्हणालं, रीत आहे ती. कुणी म्हणालं, तुम्हीच समजून घ्या, मोठ्या आहात. सगळ्यात लागलं ते निलेशचं. मोबाइलवरचा अंगठा न थांबवता तो म्हणाला, "आई, जाऊ दे ना यार. काकू करतेय तर करू दे. एका झाडासाठी कशाला राडा?"

झाडासाठी! कमलला पुढचं सगळं दिसत होतं. उद्या ही तुळस उचलली की परवा मंगळागौरीला बोलावणं बंद, तेरवा हळदीकुंकवाला दार बंद. नवरा गेला म्हणून तिला तिच्याच दारातून आत ढकलत होते, आणि पोटचा पोरगा म्हणत होता जाऊ दे.

त्यानंतर ती गप्प झाली. कमल गप्प, हे बघून खरं तर शेवंतीनं सावध व्हायला हवं होतं. तुळशीचं लग्न काही पौर्णिमेलाच लागतं असं नाही. द्वादशीपासून कुठल्याही संध्याकाळी लावता येतं. शेवंतीनं नातेवाईक जमावेत म्हणून शेवटचा दिवस धरला होता.

द्वादशीच्या संध्याकाळी खाली पटांगणात चाळीच्या पुनर्विकासाची मीटिंग होती. बिल्डरकडून वडे येणार होते, म्हणून सगळा मजला ओस पडला. निलेशही गेला. कमलनं अंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि तुळशीपुढं पाट मांडला. शेजारी दुसरा पाट मांडला, गणपतचा. तो रिकामा राहिला. बाळकृष्ण नव्हता म्हणून तांदळावर सुपारी ठेवली, तिला जानवं घातलं. या नवऱ्याला आई नव्हती, मावशी नव्हती, मानपान मागणारं मागं कुणी नव्हतं. कमलला जावई पसंत पडला. शेल्याचं एक टोक खिळ्याला बांधलं, दुसरं स्वतः धरलं, येतील तेवढी मंगलाष्टकं म्हटली, सावधानही स्वतःच म्हटलं आणि अक्षता टाकल्या. मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून चिंधी काढली.

लोक वर आले तेव्हा तुळशीवर नखशिखांत शेला पांघरलेला होता.

"हे काय, झाकून ठेवलीस?" सुंदराबाईनं विचारलं.

"लगनघरात नवरी अशीच बाहेर बसवतत काय?" कमल म्हणाली.

कमल वठणीवर आली, ही बातमी गॅलरीच्या त्या टोकाला लगेच पोचली. शेवंतीनं खुशीत निरोप धाडला की कुंडी जड आहे, उचलत नाही, आम्हीच येऊ तुमच्या दारात. कन्यादान मात्र आम्हीच करू. कमलनं बरं म्हणून सांगितलं.

पौर्णिमेला वरात निघाली. पुढं ब्लूटूथ स्पीकरवर सनई, मागं शेवंती जरीच्या साडीत, हातात ताट, ताटात मुंडावळ्या बांधलेला बाळकृष्ण, चकचकीत घासलेला. दौलतनं जाकीट घातलं होतं. सगळ्या दारांतून मोबाइल वर झाले. कमल उंबऱ्यात नाही, बाहेर, तुळशीला टेकून बसली होती.

"शेला काढा आता," शेवंती म्हणाली.

"तूच काढ. मान तुझो."

शेवंतीनं ताट दौलतच्या हातात दिलं आणि शेला ओढला.

खाली हिरव्या बांगड्या होत्या, वाळलेल्या अक्षता होत्या, सुकलेला हार होता, आणि फांद्यांत काळ्या मण्यांचं मंगळसूत्र होतं. त्याची एक वाटी चेपलेली. तान्ह्या निलेशनं दात येताना चावून चेपवलेली वाटी सगळ्या चाळीला ओळखीची होती. निलेशनं मोबाइल खाली केला. कुणीतरी सनई बंद केली.

"वैनी, ह्या काय केलंस?" दौलत पुटपुटला.

"लगीन लावलंय. द्वादशीक. माझ्या पोरीचा, माझ्या दारात, माझ्या हातान. आता लगीन झालेल्या बाईक दुसरो नवरो दाखवूक इलास?"

शेवंती नको ते बोलून गेली. "रांडवेचं मंगळसूत्र तुळशीला! काढा आधी ते! अवदसा येईल सगळ्या चाळीवर!"

कमल उभी राहिली. दहाव्यापासून आत साठलेलं सगळं तिच्या आवाजात उतरलं होतं, तरी आवाज चढला नाही.

"माझ्या गळ्यातला काढताना तुझो हात थरथरूक नाय. सुंदराबाईक बाजूक सारून काढलंस. आता हिच्या गळ्यातला काढ. ही सवाष्ण आसा. काढ."

शेवंतीचा हात उठला, मण्यांजवळ गेला. मग तो हात तसाच मागं आला, आणि तिनं तो घट्ट स्वतःच्या गळ्यावर, स्वतःच्या मंगळसूत्रावर धरला.