वाढत्या मापाच्या स्की

श्रीरंग माझा इथला, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरचा शेजारी. बूट असोत की जॅकेट, मुलीसाठी सगळं वाढत्या मापाचं घेणार. त्याच्या या काटकसरीची मला शिसारी येते.

२००५च्या हिवाळ्यात त्याच्या अनिकाला स्की हव्या होत्या. बर्फाच्या उतारावर झोकात वळणं घ्यायची आणि डोंगरावरच्या स्की-पार्कमध्ये उंचवट्यांवरून उड्याही मारायच्या, दोन्ही एकाच जोडीवर. दुकानातल्या बाईने तिच्या हनुवटीला लागेल अशी, दोन्ही टोकं वर वळलेली जोडी काढली. पोरीचा चेहरा फुलला. श्रीरंगने ती बाजूला सारून तिच्या डोक्यावरून वीतभर उंच जोडी उचलली.

"अरे, या वळवता तरी येतील का तिला?" मी तिथेच झापलं.

"वाढेल ती. कॉलेजपर्यंत बघायला नको."

डोंगरावर अनिका पहिल्याच वळणाला आडवी झाली. मग पार्कच्या जाळीपाशी उभी राहून दिवसभर इतरांच्या उड्या बघत राहिली.

"थोडी कळ काढ, पुढच्या वर्षी बरोबर होतील," श्रीरंग तिला म्हणाला.

"बाबा, आय स्टॉप्ड ग्रोइंग इन एट्थ ग्रेड. आय अ‍ॅम अ ज्युनियर नाऊ, इलेव्हन्थ ग्रेड!"

श्रीरंगने तिला नखशिखान्त न्याहाळलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "वापरलेल्या परत घेतात का रे?"