अण्णांचं इस्ट्रोजेन

हार्मोनच्या डॉक्टरला किस्से शोधावे लागत नाहीत. पुरुष पेशंट केबिनमध्ये आला की किस्सा मागोमाग येतोच! बाई दुखणं सांगते. पुरुष दुखणं सोडून बाकी सगळं सांगतो. त्यात समोर माझ्यासारखी लेडी डॉक्टर, म्हणजे विचारूच नका. एरवी लातूर, गुरुवारी नांदेड, दोन्हीकडच्या किस्स्यांचा मिळून ढीग साठलाय. पण आमच्या अण्णांची सर कुणालाच नाही.

अण्णांचं उदगीरला पेंडीचं दुकान. मेंदूतल्या ग्रंथीचं ऑपरेशन झालं आणि अंगात टेस्टोस्टेरॉन बनायचंच थांबलं. ते आम्ही इंजेक्शननं देतो. आधी गल्ल्यावर बसल्या बसल्या झोपणारा माणूस आता गिऱ्हाइकाशी भांडायला लागला. त्यांच्या घरच्या काकू खूश!

*

एकदा अण्णा हृदयरोगतज्ज्ञाची फाइल घेऊनच आले. ईसीजी झालेला, इको झालेला, मशीनवर पळवूनही झालेलं. सगळं नॉर्मल!

"नेमकं दुखतं कुठं?" मी विचारलं.

"छातीत."

"छातीत कुठं?"

अण्णा पंख्याकडे बघायला लागले. एका हातानं मात्र गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी छातीपासून लांब धरलेली. शेवटी काकूच बोलल्या, "मॅडम, बाळंतिणीवानी दुखायलंय त्यांना. डबी लागली की कळ येती. हार्टवाल्या डॉक्टरला सांगायची लाज वाटली, म्हणून पळाले मशीनवर!"

दिलेल्या टेस्टोस्टेरॉनमधल्या थोड्याचं अंगात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, बनतंच; ते वाढलं की पुरुषाचीही छाती सुजून दुखते. अण्णांनी तर पुढची इंजेक्शनं गावातल्या कंपाउंडरकडून आधीच टोचून घेतली होती. का? "बरं वाटायलंय, तर अजून बरं वाटू द्या की!"

*

इस्ट्रोजेनचा रिपोर्ट आला तेव्हा अण्णांनी तो सरळ काकूंपुढे सरकवला. "हा हिचा हाय. लॅबवाल्यानं घोळ केलाय."

मग अण्णांचं रक्त पुन्हा तपासलं, सोबत काकूंचंही. काकूंची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. अण्णांचा आकडा त्यांच्या कितीतरी वर!

काकूंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून नीट बघितले. म्हणाल्या, "हाव का! उद्यापासून भाकरी तुम्ही थापा, पेंड मी विकते."

मी अण्णांना विचारलं, "तुरीला महिन्याचं पाणी एकदम सोडलं तर?"

"उबळून जाईल की."

"मग? डोस लहान करू आणि ठरल्या वेळेलाच घेऊ. पोटही कमी करा, इस्ट्रोजेन चरबीतच जास्त तयार होतं." अण्णांनी पोट आत ओढून घेतलं. उपाय तेवढ्यावरच भागेल असं त्यांना वाटलं असावं.

*

नांदेडचा एक पेशंट जिमवाला. इंजेक्शन माझ्या सल्ल्यानं, पण इस्ट्रोजेन कमी करायची गोळी मित्राच्या सल्ल्यानं, तीही रोज! एका गुरुवारी खुर्चीचे हात धरून कण्हत बसला आणि म्हणाला, "मॅडम, इस्ट्रोजेन झिरो करून टाकलं!"

"आणि गुडघे?"

"ते बी झिरो झाले."

मी सांगितलं, पुरुषाच्याही हाडांना, सांध्यांना, मनाला थोडं इस्ट्रोजेन लागतंच. त्यानं बराच विचार केला. "म्हंजे बाई घरातनं बी हाकलायची न्हाई, अन् अंगातनं बी न्हाई!"

हा किस्सा मी नाव न सांगता अण्णांना सांगितला, धडा म्हणून. अण्णांनी लगेच विचारलं, "ती गोळी उदगीरला मिळंल का?"

मी कपाळावर हात मारला. पण अण्णा हसत नव्हते. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या लिंगायतांत लग्नाआधी सुरगी असते. चार कोपऱ्यांत चार तांबे, भोवती सूत, मधे पाटावर नवरीसोबत आईबाप, आणि सवाष्णी त्यांना न्हाऊ घालतात. बापानं उघड्या अंगानं बसायचं.

"समदी भावकी बघंल, मॅडम. छाती अशी. पोरीच्या लग्नात हसं व्हायचं. त्यापेक्षा सुईच बंद करतो."

मला फार वाईट वाटलं. सुई बंद म्हणजे पुन्हा गल्ल्यावर झोप, आणि हाडं ठिसूळ. कशीबशी समजूत घातली. लहान डोसनं दुखणं गेलं, सूजही उतरली, पण पुरती नाही. "राहिलेली कदाचित जाणारही नाही," मी खरं ते सांगितलं.

*

सुरगीला काकूंनी मला हट्टानं बोलावलं. अण्णा पाटावर बसले ते सदरा घालूनच! सवाष्णी तांबे घेऊन खोळंबल्या. लेक हळूच म्हणाली, "अण्णा, काढा की."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे, आणि डोळे मिटून सदरा काढला. कुणी हसलं नाही. सवाष्णींनी पहिला तांब्या ओतला आणि मांडवात एकच दंगा उसळला. भाऊ, चुलते, मेव्हणे, सगळ्यांवर हळदीचं पाणी! भिजलेले सदरे एकेक करत उतरले. सगळी भावकी उघडी, खात्यापित्या घरची.

अण्णांनी डोळे उघडले. थोरल्या भावाकडे बघितलं. मग धाकट्याकडे. मग चुलत्यांकडे, मेव्हण्यांकडे. एकेकाच्या छातीवर नजर थांबत थांबत पुढं सरकली. मग त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं.

"मॅडम," ते कुजबुजले, "खरं सांगा. आमच्या भावकीत सुई मी एकटाच घेतो ना?"