चांगल्या चाकाचं माप

आमच्या घरात एक माणूस आहे. त्याला चूक कबूल कर म्हणा किंवा उरणचा समुद्र उपस म्हणा, तो आधी बादली शोधायला जाईल. नाव सुभाष. माझा नवरा आहे, त्यामुळे मी बोलले तर चालतं. दुसऱ्या कुणी बोलून बघा, मग माझ्याशी गाठ आहे.

आता हे कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवतात, पण आमच्या पनवेलच्या आसपासच्या गावांत अजून त्यांना सुभाष छकडेवाला म्हणूनच ओळखतात. माझं लग्न झालं तेव्हा ह्यांचा छकडा शर्यतीत सुटला की माणसं जेवणाचं ताट टाकून धावायची. अर्ध्या गावाच्या पोरांना ह्यांनीच कासरा धरायला शिकवलं. मग शर्यतींवर बंदी आली, बैलांची जोडी विकली, आणि हा माणूस दोन दिवस जेवला नाही. पुढे बंदी उठली, पण हे परत गेले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "आता गुडघे ऱ्हायले नाय."

आमची एकच मुलगी, प्रांजल. एका कुरिअरवाल्यांच्या गोदामात ऑफिसचं काम बघते. तिने स्वतःच्या पगारातून वाशीच्या एका मुलाकडून जुनी परदेशी डर्ट बाईक घेतली. रस्त्यावर चालवायची नाही, मातीत उड्या मारायची गाडी. ती दारात आली त्या दिवशी ह्यांनी चहाचा कप हातात धरून तिला गोल फेरी मारली आणि म्हणाले, "ही गाडी हाय का नाकतोडा?" त्यानंतर वर्षभर एकच पालुपद. पोरीची जात, पडशील, हातपाय मोडशील. तिला चालवताना बघायला एकदासुद्धा गेले नाहीत. प्रांजल काही बोलायची नाही, पण हेल्मेट घेऊन निघताना एकदा मागे वळून बघायची. बाप येतोय का ते बघायची, मला काय कळत नव्हतं?

या वर्षी नेऱ्याकडच्या माळावर असल्या गाड्यांची शर्यत ठरली. पहिल्यांदाच मुलींची वेगळी. पुण्याच्या एका टीमचा माणूस बघायला येणार होता, त्याला एक मुलगी निवडायची होती. प्रांजल दिवाळीपासून त्याच एका जागेसाठी घाम गाळत होती. आणि नेमकी शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात कंपनीने तिला ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. जाताना मला बजावून गेली, "आई, शनिवारी येते. गाडीला कुणाला हात लावू देऊ नको."

माझं पनवेलच्या बाजारात तांदळाच्या भाकऱ्यांचं छोटं दुकान आहे. सोमवारी दुपारी मी घरी आले तर हे टीव्हीसमोर बसलेले. टीव्ही बंद, आणि हे बघतायत. उजवा खांदा डाव्या हाताने धरलेला. मी म्हटलं काहीतरी गडबड आहे. मागच्या पडवीत गेले तर गाडीवरची ताडपत्री उलटी घातलेली. ती वर केली. पुढचं चाक तळलेल्या पापडासारखं वाकडंतिकडं झालेलं.

"अहो! हे काय?"

"कुत्रा आडवा आला."

"कुठे?"

"बांधावर."

"गाडी पडवीत होती, ती बांधावर कशी गेली? कुत्र्याने नेली?"

मग खाली बघून म्हणाले, "जरा चालवून बघितली."

शप्पथ सांगते, असा राग आला ना! वर्षभर त्या पोरीला टोचून टोचून खाल्लं, आणि ती घराबाहेर पडल्यावर स्वतः चोरून चालवली! मी तोंडाला येईल ते बोलले. सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. हे ऐकून घेतात म्हणजे खरंच चुकलेत, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. शेवटी म्हणाले, "नीता, तिला सांगू नको. रविवारच्या शर्यतीच्या आत नवी रिम टाकतो. तिला कळनार पन नाय."

आणि इथून पुढे जे झालं ते फक्त छकडेवाल्याच्याच हातून होऊ शकतं.

छकड्याची रीत अशी, की एक चाक मोडलं तर माप मोडलेल्याचं घ्यायचं नाही, त्याच्या जोडीदाराचं घ्यायचं. मोडलेलं चाक खोटं माप देतं. चांगल्या चाकाला दोरी गुंडाळायची, गाठ मारायची आणि ती दोरी लोहाराकडे न्यायची. ह्यांनी तेच केलं. वाकलेल्या पुढच्या चाकाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मागच्या चाकाचं टायर उतरवलं, रिमला दोरी गुंडाळली, गाठ मारली, आरे बसायची भोकं मोजली. छत्तीस.

मी म्हटलं, "अहो, मला पुढचं मोठं दिसतंय."

"वाकलंय म्हनून मोठं दिसतंय. तुला चाकातलं काय कळतंय?"

टायरवर आकडे छापलेले असतात. ते वाचायचं ह्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. दोरी होती ना खिशात!

मंगळवारपासून टेम्पोची भाडी सोडून हा माणूस दोरी घेऊन फिरायला लागला. पनवेलची दुकानं झाली, कळंबोलीचे भंगारवाले झाले. त्या परदेशी गाडीचं सामान आपल्याकडे मिळतच नाही. दुकानदार विचारायचे, कितने इंच? हे दोरी पुढे धरायचे. पोरं हसायची. पण दमले नाहीत हं. खांदा सुजलेला, शर्ट घालताना दात खायचे, तरी सकाळी चहा घेतला की बाहेर. गुरुवारी थेट कुर्ल्याहून एक निळी रिम घेऊन आले. दोरी लावून बघितली, बरोब्बर. छत्तीस भोकं, बरोब्बर. नवऱ्या मुलासारखे खुलले होते. "बघितलंस? कडक माल हाय!"

ती रिम घेऊन आम्ही उरण नाक्यावर महमूदभाईंकडे गेलो. स्पोकची चाकं बांधावीत ती महमूदभाईंनीच. मी सोबत गेले, कारण माझा आता ह्यांच्या एकाही शब्दावर विश्वास उरला नव्हता.

महमूदभाईंनी वाकडं चाक बघितलं, निळी रिम बघितली, मग ह्यांच्याकडे बघितलं. "सुभाषभाई, रिम एक नंबर आहे. पण ही मागच्या चाकाची आहे."

"मागचं काय नि पुढचं काय? चाक ते चाक."

"नाही ना! या गाडीला पुढे एकवीस इंच, मागे अठरा. पुढचं मोठं असलं की दगडावर चढतं. मागचं बारकं पण जाड, ते माती पकडतं."

"एका गाडीला दोन मापाची चाकं?" हे उखडलेच. "मग काय जल्मभर उतारावर चालते का ती?"

महमूदभाई हसले नाहीत. भला माणूस. म्हणाले, "छकड्याला बैल पुढून ओढतो. हिला इंजिन मागून ढकलतं. म्हणून जोडी नाही जमत हिची."

ह्यांनी खिशातून दोरी काढली, तिच्यातल्या गाठीकडे बघितलं आणि तिथल्या जुन्या टायरवर मटकन बसले. "म्हंजे वांदे झाले. आता पोरीचं काय?" एवढंच. मी सगळा आठवडा चिडलेली होते, पण तो चेहरा बघून माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मला त्या माणसाची दया आली आणि मायाही आली, खोटं कशाला बोलू?

महमूदभाई हात पुसत राहिले. मग म्हणाले, "एकवीसची, छत्तीस भोकांची रिम आत्ता पनवेलमध्ये माझ्या माहितीत एकच आहे. माझ्या अंगणात."

त्यांचा मुलगा मोहसीन मस्कतला नोकरीला गेलाय. त्याची डोंगरात फिरायची गाडी चादरीखाली उभी असते. तिलाही पुढे एकवीसचं चाक. "पण मला विचारू नका," महमूदभाई म्हणाले. "त्या गाडीला हात लावायची माझी हिंमत नाही. त्याच्या आईला, नूरुन्निसाला विचारा."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. नूरुन्निसाभाभींनी आधी सरबत दिलं, मग सगळं ऐकून घेतलं. दर जुम्म्याला ती गाडी त्या स्वतः पुसतात, हे मला बाजारात सगळ्यांकडून माहीत होतं, त्यामुळे माझी तर मागायची जीभच रेटेना. त्यांनी मला एकच विचारलं, "पोरगी पडते का?"

मी म्हटलं, "पडते. पण उठते."

त्या उठल्या आणि चादर स्वतःच्या हाताने काढली. "मोहसीनला मी सांगते. तो यायच्या आधी त्याच्या गाडीला नवी बसली पाहिजे, सुभाषभाई." ह्यांनी नुसते हात जोडले.

आख्खं चाक उचलून बसवता येत नव्हतं. मधला हब वेगळा, ब्रेकची तबकडी वेगळी. शुक्रवारी महमूदभाईंनी मोहसीनची रिम सोडवली आणि प्रांजलच्या हबवर एकेक आरा घालून नवं चाक बांधलं. हे डाव्या हाताने धरायला. मग चाक फिरवायचं, कुठे लचकतंय ते बघायचं, आरा आवळायचा, परत फिरवायचं. फिरता फिरता एका जागी चाक असं स्थिर दिसायला लागलं की हे खूश. पण महमूदभाईंनी बजावलं, "ही लोखंडी आहे, तिची अ‍ॅल्युमिनियमची होती. पुढून जड लागेल. चालवणाऱ्याच्या हाताला कळणारच."

"कशाला कळतंय!" असं म्हणून ह्यांनी घरी आल्यावर काय करावं? पहिली रिम चंदेरी होती, ही काळी. म्हणून पडवीत बसून सगळ्या रिमला ओला चिखल फासला. मी कपाळावर हात मारला.

शनिवारी संध्याकाळी प्रांजल आली. बॅग टाकली आणि सरळ पडवीत. गाडी बाहेर काढली, हँडल धरून पुढचं चाक उचललं आणि खाली सोडलं. परत उचललं. मग खाली बसून अंगठ्याने रिमवरचा चिखल पुसला.

"आई, गाडीला हात कुणी लावला?"

मी तयारीत होते. शेजारच्यांची गाय सुटली, गाडीला धडकली, असं सगळं रचून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी. मी चालवली. बांधावर पडलो. तुझी रिम मी मोडली."

लग्न झाल्यापासून 'मी मोडली' हे शब्द मी ह्या माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मी भिंतीला टेकले. आता पोरगी फुटणार, कारण तिचा राग माझ्यावर गेलाय. ती उठली, तरातरा त्यांच्यापाशी गेली आणि थांबली. ह्यांचा उजवा हात अंगाशी धरलेला तिने बघितला. खांद्यावर हलकेच बोट टेकवलं, तर हे कळवळले.

"पप्पा, केवढं लागलंय तुला! डॉक्टरला दाखवलंस?"

हे नाही म्हणून मान हलवायला लागले आणि हलवता हलवता रडायलाच लागले. "उद्या शर्यत हाय तुझी. मी वाट लावली गं."

प्रांजल परत गाडीपाशी गेली, पुढचं चाक फिरवलं आणि बघत राहिली. "सरळ फिरतंय. मग मी चालवणार. पण आधी चप्पल घाल, दवाखान्यात चल."

रविवारी हे पहिल्यांदा माळावर आले. हात गळ्यात अडकवलेला. पहिल्या उडीला त्या जड चाकाने गाडीचं तोंड धपकन खाली घेतलं आणि ह्यांनी माझा हात इतका आवळला की बांगडीच वाढली. दुसऱ्या फेरीपासून तिला ते वजन समजलं. एकीला मागे टाकलं, मग दुसरीला. शेवटच्या वळणावर कर्जतची एक मुलगी पुढे राहिली ती राहिलीच. प्रांजल दुसरी आली. पुण्याचा माणूस चांगलं बोलला, नंबर घेतला, पण जागा एकच होती. ती कर्जतच्या मुलीला मिळाली.

पोरगी गाडी ढकलत आमच्याकडे आली. तोंडभर माती, डोळे लाल. हलकी रिम असती तर काय झालं असतं, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कुणी बोललं नाही. बाजूला ओळखीची गावातली माणसं उभी होती, ह्यांच्याकडून छकडा शिकलेली. ह्यांनी सगळ्यांसमोर घसा साफ केला.

"प्रांजल, मला शिकवशील का?"

"काय?"

"ही चालवायला. बांधावर माझा तोलच गेला. कुठं चुकलो तेच कळंना. तुला कळतंय सगळं. मी बघितलं ना आज."

ती बघतच राहिली. मग हेल्मेट काढलं आणि मातीसकट बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं, डाव्या खांद्यावर, जपून. "खांदा बरा होऊ दे," म्हणाली. "मग शिकवते."

मी दोघांनाही चार शिव्या घातल्या, आणि रडू येतंय ते दिसू नये म्हणून जेवणाचा डबा उघडायला बसले.