सिस्टरचा राहिलेला नदीप्रवास

अन्याय झाला तो आमच्या सिस्टरवर. कधी झाला तेही सांगते. गेल्या वर्षी, गणपतीच्या आधीच्या सोमवारी, भर दुपारी, महाडच्या बाजारपेठेतल्या एका विमा कार्यालयाच्या काउंटरवर. त्या वेळी तो कुणाला दिसला नाही. सिस्टर हसत होत्या, काउंटरमागचा मुलगा हसत होता, मी शेजारी खुर्चीत होते. असले अन्याय गोडीगुलाबीतच होतात. बोंब नंतर होते, आणि तीही ज्याच्यावर झाला त्याला सोडून इतरांची.

सिस्टर म्हणजे नाते गावात राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई. नाव होतं त्यांना, पण लग्नपत्रिकेवरसुद्धा लोक 'सिस्टर' एवढंच लिहायचे आणि पत्रिका बरोबर पोचायची. त्यांची एक खोड सगळ्या तालुक्याला माहीत होती. कुठलीही चांगली गोष्ट समोर आली की त्या आधी विचारायच्या, "आणि बिघडलं तर?" कुणी नवा फ्रिज घेतला की पुराचं पाणी कुठपर्यंत येतं ते विचारून त्याच्याखाली ओटा बांधायला लावायच्या. कुणाचं लग्न ठरलं की मुलाच्या रक्ताची तपासणी झाली का, हा पहिला प्रश्न. पोलादपूरकडच्या वाड्यांत म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, "ही बया शुभकार्यात कायम रुग्णवाहिका घेऊन येते." पण रुग्णवाहिका लागली की पहिला फोन ह्याच बयेला जायचा.

माझी त्यांची ओळख दंडावरच्या सुईपासूनची. पुढे मी महाडात ग्राहकांच्या तक्रारींचं काम सुरू केलं, पत्रकं छापू लागले, तेव्हा त्या माझ्या पहिल्या वाचक झाल्या. पत्रक हातात घ्यायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि म्हणायच्या, "गो, एवढी उद्गारचिन्हं कशाला? ओरडणाऱ्या पेशंटला मी आधी पाणी द्यायची. दुखतंय कुठं ते मग विचारायची. तू लोकांना कुठं दुखतंय ते सांग." मी चिडायचे. एमआयडीसीच्या फाटकावर पहिली पाळी सुटताना पत्रकं वाटली की निम्मी चिखलात पडायची. त्यांनी खाडाखोड केलेलं पत्रक मात्र माणसं घडी घालून खिशात ठेवायची. हे मला मान्य करायला वर्ष लागलं.

ह्या सावध बाईनं एक दिवस जाहीर केलं की ती युरोपात जाणार, आणि तिथल्या मोठ्या नदीवर आठवडाभर बोटीत राहणार. गावात खळबळ उडाली. बोट म्हणजे तरंगतं हॉटेल, खोलीला गॅलरी, जेवण टेबलावर. खर्च ऐकून भावकीतले एकजण म्हणाले की एवढ्यात वाडीवर स्लॅबचं घर उभं राहिलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "घर हाय मला."

मलाही ते पटलं नव्हतं. मी स्पष्टच विचारलं, काशी-रामेश्वर सोडून हे काय? तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. नोकरीभर लसीचा डबा खांद्याला लावून त्यांनी सावित्री ओलांडली, शिवथरच्या खोऱ्यातले ओढे ओलांडले, कधी होडीतून, कधी साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यातून. "नजर कायम पायाखाली," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर नदी ओलांडली गो, नदीसंगती कधी गेले नाय. एकदा तिच्याबरोबर जायचंय, नुसतं बसून, काठ बघत."

मग सुरू झाली विम्याची निवड. मी म्हणेन, अख्ख्या रायगडात एवढ्या बारकाईनं प्रवास विमा कुणी घेतला नसेल. मुंबईच्या पर्यटन कंपनीनं स्वतःचीच पॉलिसी बिलाला चिकटवून पाठवली होती, "सगळं आलं ह्यात" म्हणून. सिस्टरनी फोन लावून विचारलं की सगळं म्हणजे काय काय ते मोजून सांगा. बोट मध्यधारेत असताना छातीत दुखलं तर काठावर कोण आणणार? बीपीची गोळी चालू आहे, त्या बीपीमुळंच काही झालं तर दवाखान्याचा खर्च देणार की जुना आजार म्हणून हात वर करणार? शेवटच्या प्रश्नावर पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, पॉझिटिव्ह राहा. सिस्टरनी ती पॉलिसी बिलातून काढायला लावली.

बीपी आणि साखर दोन्ही त्यांनी अर्जात लिहिली. वाडीतल्या बायकांना ते आवडलं नाही. निघायच्या आधी तोंडानं आजाराचं नाव घेऊ नये, अशी आपल्याकडची रीत. सिस्टर म्हणाल्या, मी नाय घेतलं म्हणून तो आजार घरी राहील का?

नदीचीच गंमत सर्वांत मोठी. त्यांना कळलं की पाणी फार चढलं किंवा फार उतरलं तर बोट थांबवतात आणि प्रवाशांना बसमध्ये घालून पुढच्या गावाला नेतात. त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "बसनंच फिरायचं तर मी पोलादपूरच्या स्टँडवर बसते की." पण हसून सोडलं नाही. तसं झालं तर विमा काही देतो का, हे त्यांनी चार ठिकाणी विचारलं. शेवटी महाडच्याच त्या कार्यालयातली पॉलिसी त्यांना बरी वाटली. तिच्यात पाण्याच्या पातळीचं कलम होतं, जुने आजार जास्तीचा हप्ता घेऊन धरले होते, गरज पडली तर हेलिकॉप्टरसुद्धा येणार होतं.

राहिला एकच प्रश्न. तो पारूकाकूंचा.

पारूकाकू म्हणजे सिस्टरची चुलत जाऊ. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. सिस्टरचे यजमान मुंबईला गोदीत, सिस्टर ह्या उपकेंद्रावरून त्या उपकेंद्रावर, आणि त्यांची दोन मुलं पारूकाकूंच्या चुलीपाशी. ती मुलं त्यांनाच 'आई' म्हणायची आणि सिस्टरना 'सिस्टर'. हे सांगताना सिस्टर हसायच्या, पण हसताना दुसरीकडे बघायच्या. पारूकाकूंचं हृदय आता थकलं होतं. म्हणून त्या सोमवारी काउंटरवर सिस्टरनी सरळ विचारलं, "माझी जाऊ आजारी असते. चुलत हाय, सख्खी नाय. तिचं काय झालं आणि मला जाता नाय आलं, तर पैसे परत मिळतील का?"

काउंटरमागे होता संदेश. ह्याला सिस्टरनी जगात आणलेलं. बाळंतपणात खांदा अडला, रस्ता वाहून गेलेला, आणि त्यांनी तासभर झुंजून त्याला मोकळा केला. तेव्हापासून त्या त्याची ओळख चारचौघांत 'हा माझा खांद्यात अडलेला' अशीच करून द्यायच्या. त्या दिवशीही करून दिली, त्याच्या साहेबासमोर. तो लाजला आणि म्हणाला, "होईल ना सिस्टर. जाऊ म्हणजे घरचीच की."

मी म्हटलं, हे लिहून घेऊ या. ज्या बाईनं चार ठिकाणी प्रत्येक उत्तर ई-मेलवर मागितलं होतं, तिनं माझा हात दाबला. "तो आपला हाय गो. ज्याची नाळ मी कापली त्याच्याकडनं लिहून घेऊ?" मुंबईच्या मुलीकडून लेखी घेणं हा व्यवहार. संदेशकडून घेणं म्हणजे त्याच्या आईच्या तोंडावर अविश्वास. आपल्याकडे हे असंच आहे, आणि विमा विकणाऱ्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून तर काउंटरवर गावचा पोरगा बसवतात.

घट बसायच्या आदल्या दिवशी पारूकाकू गेल्या. नवरात्राच्या मध्यात विमान होतं. बॅग भरून दारात होती.

भावकीतल्या जाणत्यांनी एकत्र बसून निर्णय दिला, आणि तो माणुसकीचा होता: सिस्टरनी जावं, सुतकाचं आम्ही बघू. पारूकाकूंचा मुलगा विरारहून आलेला, तोही म्हणाला, "काकी, तिकीट फुकट नको घालवू. आईलापण नसतं आवडलं." सिस्टरनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "माझी पोरं तापानं फणफणली तेव्हा ती माहेरच्या लग्नालाही गेली नाय. आता तिच्या दिवसांत मी बोटीत बसून काठ बघू?" बॅग तशीच आत नेली आणि सुतक फिटेपर्यंत त्या वाडीवरच्या पडवीत घोंगडीवर बसून राहिल्या.

क्लेमचं उत्तर दिवाळीच्या सुमारास आलं. चुलत जाऊ ही 'निकटचे कुटुंबीय' ह्या व्याख्येत येत नाही, सबब दावा नामंजूर. त्या पॉलिसीत बोटीवरचं हेलिकॉप्टर बसत होतं, हरवलेली सुटकेस बसत होती. जिनं दोन पोरं वाढवली ती बसत नव्हती.

मी पेटले. सिस्टर पेटल्या नाहीत, ह्याचा मला जास्त राग आला. त्याच आठवड्यात संदेश मोटरसायकल घेऊन नाते गावात आला आणि अंगणातच उभा राहिला. सिस्टरनी त्याला ओढून आत नेलं, पोहे दिले. त्यानं सगळं सांगितलं. उत्तर त्यालाही माहीत नव्हतं. वरून ताकीद होती की काउंटरवर 'नाही' हा शब्द काढायचा नाही, ज्याचा महिन्याचा आकडा भरत नाही त्याला घरी पाठवतात. त्याचे वडील कारखान्यातून कमी झालेले, घर त्याच्या एकट्यावर.

मी तक्रारीचा मसुदा केला. मुद्दा एकच होता: विकताना तोंडी 'हो' म्हणाले, देताना लेखी 'नाही'. पण तो 'हो' कुणाचा, हे सांगितल्याशिवाय तक्रारीला पाय नव्हते. सिस्टरनी मसुद्यातलं संदेशचं नाव खोडलं. मी भांडले. म्हटलं, तुमच्या असल्या मायेवरच ह्या कंपन्या पोसल्या जातात. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू कंपनीशी भांड, खुशाल भांड. पोराच्या डोक्यावर पाय देऊन नको. त्याचं नाव त्यानं दिलं तर घे. तू काढून घेऊ नको."

नावाविना तक्रार कंपनीकडे गेली आणि अपेक्षेप्रमाणे परत आली: असं आश्वासन दिल्याचा पुरावा नाही, आणि तक्रार लिहिणाऱ्या बाईचीच साक्ष धरता येत नाही.

सिस्टरनी पुन्हा त्या प्रवासाचा विषय काढला नाही. माझी पत्रकं मात्र तपासत राहिल्या. शेवटचं तपासलं ते विम्याचंच होतं. त्यात मी 'लुटारू' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून वर पेन्सिलनं लिहिलं: 'काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते सांग.'

शिमग्यानंतर, एका सकाळी चहा ठेवताना त्या कोसळल्या. महाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. स्मशानाकडे निघालेल्या गर्दीत निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली होती, आणि खांदा द्यायला त्यांची रेटारेटी झाली. संदेश पुढे होता. त्यानं खांदा बदलू दिला नाही.

तेराव्यानंतर तो माझ्या खोलीवर आला. उभ्यानंच म्हणाला, "ताई, माझं नाव घाला. मी सांगितलं होतं त्यांना की होईल म्हणून. आणि मला तसं सांगायला कुणी सांगितलं तेपण लिहितो." मी विचारलं, नोकरी? तो म्हणाला, "जाईल." बसला आणि दोन पानं स्वतःच्या हातानं लिहिली. त्या महिन्याच्या अखेरीला नोकरी गेली.

आता तक्रार पुन्हा दाखल केली आहे, सिस्टरच्या मुलीच्या सहीनं आणि संदेशच्या जबाबावर. समोरून उत्तर आलंय की एका नाराज माजी कर्मचाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही. ते असं म्हणू शकतात, कारण तो एकटा आहे.

तो एकटा नाही, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. महाडात, पोलादपुरात, बिरवाडीत, अशा काउंटरवर तुम्ही बसला आहात. चुलत्याचं, आत्याचं, जावेचं विचारलंय, आणि ओळखीच्या तोंडानं "होईल ना" म्हटलंय. पुढे झालं नाही, आणि 'आपलाच पोरगा, जाऊ दे' म्हणून तुम्ही घरी आलात. जाऊ देऊ नका. तुम्ही काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते एका कागदावर लिहा, खाली सही करा आणि ह्या आठवड्यात मला आणून द्या. पोराचं नाव नको असेल तर लिहू नका. तुमचं मात्र लिहा.