आमच्या ह्यांच्या तोंडचं पाणी

सरळ बोलायचं म्हटलं की आमच्या ह्यांच्या जिवावर येतं. भूक लागली तर 'भूक लागली' असं दोन शब्दांत सांगायला काय जातं हो माणसाचं? पण न्हाई. "साळू, पोटाच्या घाटात गाडा जुंपून उभा हाय, भाकरीचा झेंडा पडू दे!" असं म्हणायचं. मी चुलीपुढं घामानं भिजलेली, आन ह्यांचा आपला झेंडा. पस्तीस वर्षं हेच ऐकतेय मी. माझ्या जागी दुसरी असती तर कवाच माहेरी गेली असती.

गाव ह्यांना धर्माजी म्हणतं. आमी अवसरी बुद्रुकचे. कांदा-बटाट्याची शेती हाय, पण ह्यांची खरी ओळख घाटातली. घाट म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीचा चढ; झेंडा पडला की गाडा सुटतो. तिथं उंच स्टेजवर माइक धरून जो माणूस दिवसभर गाडामालकांची नावं पुकारतो, बैलांचं कौतुक करतो, सेकंद सांगतो, तेच आमचे हे. यात्रेच्या पत्रिकेत नावामागं 'निवेदक' छापतात. मी म्हणते, छापा बापडे, घरात तो निवेदक झाडूसुद्धा उचलत न्हाई.

पण खोटं का बोलू, गडी त्यात वाघ हाय. पहिल्यांदा माइक हातात आला तो चुकून. नेमलेला माणूस साडूच्या लग्नाला गेलता, म्हणून कुणीतरी ह्यांना वर ढकललं. ह्यांनी एक कागद न बघता साठ मालकांची नावं घेतली, बापाच्या नावासकट, बैलांच्या नावासकट. कुणाचा बैल कुठल्या बाजारातला, कुठल्या गायीचा, सगळं तोंडपाठ. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाची तिथी मात्र मलाच लक्षात ठेवावी लागते. तवापासून गावच्या यात्रेचा माइक ह्यांचाच. मधी सात-आठ वर्षं शर्यतींवर बंदी व्हती, तवा हा माणूस संध्याकाळी रानातून येणारी आमची म्हैस पुकारायचा. "आली, आली, कपिला आली, बारा सेकंदात गोठ्यात!" म्हैस बिचारी बिथरून दूध चोरायला लागली.

तर यंदाच्या माघात ह्यांचं तोंड सुकायला लागलं. भाकरीचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा, खाली उतरायचाच न्हाई. ओठाला चिरा पडल्या. बोलता बोलता जीभ टाळूला चिकटायची आन 'ट्टक' असा आवाज यायचा. चव गेली, आन त्याचं खापर माझ्यावर! "साळू, कालवणात मीठ न्हाई." अहो, घातलंय. "न्हाई घातलं." आन वरनं मूठभर टाकून घ्यायचं. बीपीचं दुखणं असलेला माणूस हा! मी मिठाचा डबा कोंड्याच्या पोत्यात लपवला, तर तोही हुडकून काढला.

शेवटी यात्रा पंधरा दिवसांवर आली तवा मी हाताला धरून मंचरला दवाखान्यात नेलं. मी आत येते म्हटलं तर, "तू बाहेर बस. मला काय तोंड न्हाई?" तोंड हाय हो, तेच तर वैरी हाय तुमचं! मी बाहेर बसले. पडद्यातनं सगळं ऐकू येत व्हतं. डॉक्टर नवाच, पोरसवदा, शहरातला. त्यानं इचारलं, "काय होतंय बाबा?"

आता इथं सांगायचं ना, तोंड कोरडं पडतंय म्हणून? पण निवेदक ना! घसा खाकरून म्हणतात कसे, "डॉक्टरसाहेब, माझ्या तोंडचं पाणी पळालंय."

डॉक्टरनं वर बघितलं. "कशानं?"

"यात्रा जवळ आली ना."

"लोकांसमोर उभं राहिलं की जास्त होतं का?"

"माइक हातात घेतला की तर इचारूच नका."

"छातीत धडधडतं?"

"धडधडणारच की! भैरवनाथाची यात्रा हाय, पाच-सहा हजार माणूस असतं!"

मी बाहेर कपाळाला हात लावला. उठून आत जाणार, तेवढ्यात नर्सनं दुसऱ्या पेशंटला आत घेतलं आन हे चिठ्ठी घेऊन बाहेर आले. डॉक्टरनं पाठीवर हात ठेवून सांगितलं म्हणे, "घाबरायचं नाही. ही गोळी रोज संध्याकाळी घ्या." भीतीची गोळी! ज्या माणसाला आयुष्यात फक्त सासुरवाडीच्या कुत्र्याची भीती वाटली, त्याला भीतीची गोळी.

"अवो, त्याला वाटलं तुमी घाबरलाय," मी म्हटलं, "माघारी चला, नीट सांगू."

"एवढा शिकलेला डॉक्टर, त्याला कळत न्हाई व्हय? औषध बरोबर हाय." झालं. पुढं एक शब्द ऐकून घेतला न्हाई.

त्या गोळीनं तोंडात जे काही थेंबभर उरलं व्हतं तेही गेलं. आन दुसरं म्हणजे, दवाखान्यात माझ्या शेजारी आमच्या आळीची बयाबाई बसली व्हती, तिनंही पडद्यातनं सगळं ऐकलं. बयाबाईला एक गोष्ट सांगितली की गावात दवंडीची गरज न्हाई. दुसऱ्या दिवशी दूध घालायला डेअरीवर गेले तर बाया माझ्याकडं बघून कुजबुजायला लागल्या. एकीनं हळूच इचारलं, "भावजी बरं हायत का? घाबरलेत म्हणं." संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं, की येडगावचा आदेश नावाचा पोरगा यात्रेला येणार म्हणून धर्माजीच्या तोंडचं पाणी पळालं, डॉक्टरनं भीतीची गोळी चालू केली. हा आदेश नवा निवेदक, गॉगल लावतो, मधी मधी गाणी वाजवतो. पोरगं चांगलं हाय, त्याचा काय दोष? पण ह्यांनी ऐकलं आन जेवणावरनं उठले. तीन दिवस माझ्याशी सुदीक सरळ बोलले, तवा मला कळलं की हे किती मनाला लावून घेतलंय. त्या दिवसांत मला खरंच भ्या वाटलं.

मग यात्रा कमिटीचे चिमाजी आले. च्या पिऊन, इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाले, "धर्माभाऊ, यंदा तुमी नारळ फोडा, मानाची खुर्ची घ्या. माइक आदेशला देऊ."

हे उभे राहिले. "मी जिता असताना? माझ्या गावच्या घाटात?"

लई घासाघीस झाली. ठरलं असं, की पहिल्यापासून हेच बोलतील. पण मधी आवाज अडकला, नाव चुकलं, तर त्याच घडीला माइक आदेशकडं. आन एकदा गेला की गेला, पुढच्या वर्षी परत मागायचा न्हाई. ह्यांनी चिमाजींच्या हातावर हात मारला. मी आतनं बघत व्हते. मला वाटलं, दोघांच्या डोक्यात बंबातलं लाकूड घालावं.

सून माझी, स्नेहल, ती शहाणी. ती म्हणाली, "आत्या, मामांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. माझ्या ओळखीची दाताची डॉक्टरीण हाय, तिला दाखवू." ह्यांची एक दाढही दुखत व्हती, म्हणून आले मुकाट्यानं. या खेपेला मी इचारलंच न्हाई, सरळ आत जाऊन बसले. ह्यांनी तोंड उघडलं, "मॅडम, माझ्या तोंडचं..."

"कोरडं पडतंय!" मी ओरडले. "तोंड कोरडं पडतंय ह्यांचं. थुंकी येत न्हाई. बास!"

बाई हसली. आरसा घालून आत बघितलं, म्हणाली, दाढा मुळाशी किडायला लागल्यात, तोंडात लाळ नसली की असंच होतं. मग पिशवी टेबलावर रिकामी केली. काय एकेक निघालं! बीपीची गोळी, ती लघवी जास्त करणारी. ही भीतीची. आन एक पिवळ्या पाकिटातली, ती मला ठावूकच न्हाई. "ही कसली?" तर घाटात उधळलेल्या भंडाऱ्यानं आन धुळीनं ह्यांना शिंका येतात, म्हणून चार महिने रोज एक सर्दीची गोळी, दुकानातनं आपल्या मनानं आणून. बाई म्हणाली, ह्या तिन्ही तोंड कोरडं करतात, एक एक वेगळी घेतली तरी. तुम्ही तर तिन्ही मिळून घेताय.

"तंबाखू?"

"थोडीशी," हे म्हणाले.

"दिवसाला दोन पुड्या," मी म्हणाले.

"पाणी किती पिता?"

लई खोदून इचारलं तवा निघालं, की दोन महिन्यांपासून हा माणूस जाणूनबुजून पाणी पीत न्हाई. का, तर स्टेजवरनं लघवीला उतरता येत न्हाई, म्हणून 'सवय करत व्हतो'! असल्या माणसाला काय म्हणावं? इकडं मी भाकरी तुपात भिजवून घालतेय, नवस बोलतेय, आन हा तहानेची तालीम करतोय!

बाईनं कुठली गोळी आपल्या मनानं बंद केली न्हाई. चिठ्ठी दिली, पहिल्या डॉक्टरकडं परत पाठवलं. तो पोरगा ते वाचून लाजला. "बाबा, तोंड कोरडं पडतंय असं म्हणायचं होतं ना," म्हणाला. रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. भीतीची गोळी कशी सोडायची ते सांगितलं, सर्दीची बंद, बीपीची बदलून दिली. नाकाला रुमाल बांधा म्हणाला. तंबाखू सोडा, हे दोघांनीही सांगितलं. माघारी दाताच्या बाईला दाखवलं, तिनं वरनं सांगितलं, पाणी एकदम तांब्याभर नको, दिवसभर घोट घोट. च्या कमी. भाकरी पातळ आमटीत कुस्करून खा. आन बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा, म्हणजे लाळ सुटंल.

तिथं हे पेटले. "मी स्टेजवर च्युइंगगम चघळू? मी काय रवंथ करणारा बैल हाय?"

बाई म्हणाली, "बैलाचं तोंड कधी कोरडं पडलेलं पाहिलंय?"

एवढी वर्षं बैलांवर बोलणारा माणूस हा! दोन पाकिटं मुकाट घेतली.

आठवड्यात फरक पडला. पुरता न्हाई, पण घास उतरायला लागला, मिठाची तक्रार थांबली. तंबाखूची पुडी मी रोज खिशातनं काढून चुलीत घालत व्हते. भांडणं झाली ती झाली.

यात्रेच्या दिवशी बाया बसतात तिथं, स्टेजच्या खाली मी पाण्याची बाटली घेऊन बसले. सकाळी ह्यांनी असा काही सूर लावला की माझ्याच अंगावर काटा आला. पन्नास गाडे पळाले, पन्नास बाऱ्या झाल्या, साठ झाल्या. ऊन वर आलं. पण पाणी? घोटसुदीक न्हाई! मी खालनं बाटली दाखवतेय, हे माझ्याकडं बघतच न्हाईत. मला समजलं. गावानं बोलून ठेवलेलं ना, पाणी पळालं म्हणून. आता सगळ्यांदेखत पाणी प्यायलं तर म्हणतील, बघा, घाबरला.

साडेअकराच्या सुमाराला भोंग्यातनं आवाज आला, 'ट्टक'. मग परत, 'ट्टक'. गाडा जुंपलेला, नाव पुकारायचं. "गाडामालक सा... सा..." सावळेराम म्हणायचं व्हतं, पण जीभ टाळूवरनं सुटंना. पोरांतनं कुणीतरी ओरडलं, "पाणी पळालं रं!" सगळा घाट हसला. चिमाजींनी खालनं आदेशला हात केला, आन तो गॉगल सारखा करत उठला.

आमच्या घाटात बाई स्टेजवर चढत न्हाई. मी चढले. शिडीला पदर अडकून फाटला, तरी चढले. पुढं माइक चालू हाय हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तोंडाला आलं ते बोलले. "प्या! आधी प्या म्हणते! अवो, तोंड सुकलंय तुमचं, घाबरला न्हाईत तुमी! तीन-तीन गोळ्या खाऊन तोंडाचं वाळवण केलंत, लघवीच्या धास्तीनं पाणी सोडलंत, आन आता कुणापुढं लाजताय? ही काय परकी माणसं हायत? प्या गपचूप!"

मग मला कळलं की माझा आवाज मलाच भोंग्यातनं ऐकू येतोय. लघवीचंसुदीक सगळ्या पंचक्रोशीनं ऐकलं. मी फाटका पदर तोंडावर घेतला.

ह्यांनी माझ्या हातनं बाटली घेतली. सगळ्यांदेखत प्यायले, घोट घोट, डॉक्टरणीनं सांगितलं तसं. मग माइकवर म्हणाले, "मंडळी, तोंड कोरडं पडलंय. दुसरं काय न्हाई." माइकवर पहिल्यांदा सरळ बोलले. आन लगेच, "गाडामालक सावळेराम..." अशी हाळी दिली की बैल आधी उधळले आन झेंडा मागनं पडला. आदेश टाळ्या वाजवत खाली बसला, चिमाजींनीही वर केलेला हात खाली घेतला.

शेवटच्या बारीपर्यंत हेच बोलले. दर पाच बाऱ्यांना मी बाटली पुढं करायची, ह्यांनी घोट घ्यायचा. आवराआवर चालली तवा चिमाजी आले, जरा ओशाळलेले. "धर्माभाऊ, पुढच्या वर्षीही तुमीच."

"येईन," हे म्हणाले, "पण साळू स्टेजवर बसंल. खुर्ची टाकून."

"बाईमाणूस स्टेजवर? कमिटीला इचारावं लागंल."

"इचारा. न्हाईतर दुसरा हुडका."

चिमाजींनी कमिटीला इचारलं. कमिटीनं सरपंचांना इचारलं, सरपंचांनी देवळात पुजाऱ्याला इचारलं. सगळ्यांचं एकमत झालं, खुर्ची ठरली, वर सावलीला ताडपत्रीही ठरली.

मला एकानंही इचारलं न्हाई. बसणार हाय मी, न बसून जाते कुठं? पण एकदा इचारायचं तरी, "साळू, बसशील का गं?" एवढं सरळ बोलायला काय जात व्हतं ह्यांचं?